गाडीचा खांदा

टेंभुर्णी,
ता. ९ सप्टेंबर २०२५

चि. गोरक्षनाथ भाऊजींस,
वहिनीचा आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. तुम्ही, जाऊबाई आणि छकुलीही पुण्यात बरे असाल असं धरून चालते. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तुमचे दादा फोन कायम स्पीकरवर ठेवतात. तुम्ही पुण्याहून काय बोललात ते गॅरेजवर पंक्चर काढायला आलेल्या माणसालाही कळतं.

सोयाबीन बरं आहे. दोन शेळ्या व्याल्या. गॅरेजवर ट्रॅक्टरची कामं चालू आहेत. लाल गाडी शेडात ताडपत्रीखाली उभी आहे. तिच्यासाठी तुम्ही शोधलेलं गिऱ्हाईक दसऱ्याआधी येणार, असं दादा म्हणाले. त्याला जरा थांबवा. टपाचं कापड उसवलंय, ते शिवायचं आहे. एक आरसाही सैल आहे.

गाडी विकायची हे दादांनीच ठरवलं, त्यात तुमचा काही दोष नाही. पण ती आली तेव्हा तुम्ही गावातच होता. संभाजीनगरच्या साहेबांच्या बंगल्यामागे तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. साहेब भंगारात देणार होते, यांनी मागून आणली. गाव हसलं. दोनच सीटा, वर कापडी टप, ना पोतं मावणार ना पाहुणा. सासूबाई म्हणाल्या होत्या, "म्हस्कू, हिच्यात बकरू तरी बसंल का रे?" अंग सगळं फायबरचं, त्यामुळे गंजायची भीती नाही आणि वजनही नाही. कार्बोरेटर साफ करताना माणूस इतका खुशीत असतो, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं.

एक सांगू? जीप असो की ट्रॅक्टर, मी जन्मभर मागेच बसले. या गाडीला मागची सीटच नाही. म्हणून दर रविवारी डोक्याला रुमाल बांधून मी यांच्या शेजारी बसायची, जाफराबादच्या रस्त्याने.

पोळ्याच्या दिवसाचं त्यांनी तुम्हाला सांगितलंच असेल. ब्रेक दाबला तरी गाडी थांबेना, वळण सुटलं आणि आम्ही थेट सोयाबीनमध्ये. चार माणसांनी गाडी बाजेसारखी उचलून रस्त्यावर ठेवली. कुणाला खरचटलंही नाही. दुसऱ्या दिवशी यांनी ब्रेक खोलून पाहिले, तर सगळं ठाकठीक. मग म्हणाले, "गाडी बराबर हाय. माझाच पाय गेला. दाबला असं वाटलं, पण दाबलाच नसंल." तेव्हापासून किल्ली खुंटीला लटकली आहे.

आता टपाचं कापड राहू द्या, खरं लिहिते.

आपले बैल विकल्यापासून पोळा मला सुना जातो. आदल्या दिवशी गावभर खांदेमळणी चाललेली, जो तो आपल्या बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळतोय, आणि माझे हात रिकामे. मनात आलं, वर्षभर आपल्याला वाहते ती ही गाडीच. पण गाडीला खांदा कुठला? यांनीच एकदा सांगितलं होतं, "थांबताना सगळा भार पुढच्या चाकामागच्या ह्या लोखंडी थाळ्यांवर येतो." जिथं भार तिथं खांदा. मी चाकाच्या फटींतून हात घालून दोन्ही थाळ्यांना लोणी-हळद चांगली चोळली. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या, असंही म्हणाले.

वळणाच्या जरा आधी मला लोणी कढल्याचा वास आला. पोळ्याला तो घराघरातून येतोच, त्यामुळे यांना काही वाटलं नाही. मला मात्र सोयाबीनमध्ये बसल्या बसल्या सगळं कळलं. दुपारी हे आडवे झाल्यावर मी त्या थाळ्या राखेनं भांड्यासारख्या घासून काढल्या.

लगेच सांगायला हवं होतं. जीभ उचलत नव्हती, आज सांगते उद्या सांगते करत होते. तेवढ्यात एके दिवशी अंगणात यांच्या पावलाचे लाल ठसे दिसले. खिळा चपलेतून आरपार पायात गेला होता, आणि हे सकाळपासून त्याच्यावर चालत होते. साखरेच्या आजारानं तळपाय खरंच बधिर झालाय, भाऊजी. लोण्याचं सांगितलं तर हे उद्याच किल्ली घेऊन निघतील. नाही सांगितलं तर माझ्या चुकीपायी जिवापाड जपलेली गाडी जाते. मला यांचा जीवही हवा आहे आणि यांचं हसूही. काय करू ते कळवा, पण फोनवर नको.

तुमची,
आशावहिनी


टेंभुर्णी,
ता. १८ सप्टेंबर २०२५

चि. भाऊजींस आशीर्वाद.
तुमच्या उत्तराची वाट पाहिली नाही, रागावू नका. काल हे गिऱ्हाइकासाठी गाडी धूत होते. पुसता पुसता तिला म्हणाले, "तुझी काही चूक न्हाई, बाई. पाय माझा गेला." मला ते ऐकवेना. समोर बसून सगळं सांगून टाकलं.

यांनी ओलं फडकं बाजूला ठेवलं. मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "लोणी? डिस्कला?" आणि उठून किल्लीकडे निघाले. "मंग माझा पाय चांगला हाय म्हण की."

मी म्हणाले, आधी खाली बसा आणि डोळे मिटा. शेजारी पाना पडला होता, त्याचं टोक तळपायाला टेकवलं. विचारलं, कळतंय का?

"टेकव तर आधी," ते म्हणाले.

मी पाना दाबून धरला. ते वाट बघत होते. शेवटी त्यांनी डोळे उघडले आणि पायाकडे पाहिलं. रात्री जेवले नाहीत. मी ढसाढसा रडले.

आज सकाळी खुंटीवर किल्ली नव्हती. शेडात पळत गेले तर हे डाव्या सीटवर, माझ्या जागी बसलेले. डोक्याला माझाच रुमाल. म्हणाले, "बस जल्दी. ऊन होऊन राह्यलं."

गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवा. येताना पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड घेऊन या, जुने लोणी प्यायलेत. दादा डॉक्टरांना पाय दाखवायला तयार झालेत, तुम्ही सोबत असलात तर मागे फिरणार नाहीत. माझ्या लायसनचंही बघू म्हणतात.

गियर अजून शिकवलेला नाही. माळाच्या हलक्या उतारावर गाडी नुसती सोडायची आणि आधी ब्रेक शिकायचा. हे शेजारून म्हणतात, "दाब. पायाला काय लागतंय ते मला सांग." मी दाबते, आणि सांगते.

दादांच्या उजव्या हाताला बसलेली,
तुमची आशावहिनी