रूपाचा जबाब

३ सप्टेंबर
सर्टिफिकेट आलं. ऑनलाइन कोर्स, ‘गुन्हे तपासात भाषणाचं विश्लेषण : करिअरच्या संधी’. खरा खर्च : फी, हेडफोन आणि छावणीतल्या बाकावरची पत्त्यांची मंडळी. कोण कधी खोटं बोलतो ते प्रत्येकाला तोंडावर सांगितलं. आता मी दिसलो की डाव मोडतो. चालायचंच.

पंक्चरच्या टपरीपासून बॅटरीच्या दुकानापर्यंत आलो ते या कानांच्या जिवावर. गिऱ्हाईक दारात खाकरलं की कळतं, उधार मागणार. माणूस तीन वाक्यं बोलला की त्याच्या मनातलं सांगतो. आता पोलिसांचा सल्लागार व्हायचं. सकाळी दुकान, दुपारी न्याय.

५ सप्टेंबर
हॉलमध्ये खिडकीजवळचा कोपरा रिकामाच होता. उजेड लई चांगला. टेबल टाकलं. ऑफिस तयार.

रूपाला पुण्याला फोन. लेकीच्या बाळंतपणाला दोन महिन्यांसाठी म्हणून मार्चमध्ये गेली, ती अजून तिथंच. पाडव्याला ये म्हटलं. बघू म्हणाली. विश्लेषण : होकार. लेकीसमोर उघड कसं बोलणार?

११ सप्टेंबर
संकल्प : रोज एक माणूस ऐकायचा. आज कुणीच आलं नाही, म्हणून डबेवाल्या सरूबाईंना धरलं. भाजी खारट का? त्यांनी चार कारणं दिली. त्यावरून नियम : खोट्याला कारणं लागतात, खरं एका वाक्यात संपतं. नियम त्यांनाही समजावून सांगितला.

१२ सप्टेंबर
डबा आला नाही.

१९ सप्टेंबर
वकील राजकुमारनं काम दिलं! करमाडकडची केबल चोरीची केस. तीन साक्षीदारांच्या जबाबांचे झेरॉक्स. मानधन नाही. सुरुवात अशीच असते.

२० सप्टेंबर
खळबळ! मेंढपाळ, पानवाला आणि एक म्हातारी. तिघंही म्हणतात, ‘सदर इसम संशयितरीत्या वावरताना दिसून आला.’ शब्दाला शब्द! साक्षीदार पढवलेले आहेत. जेवण विसरून अहवाल टाइप केला.

२४ सप्टेंबर
राजकुमार चौकीत घेऊन गेला. जबाब लिहून घेणारे हवालदार कडुबा यांनी अहवाल उभ्यानं वाचायला घेतला, मग खुर्ची ओढून बसले आणि डोळे पुसेपर्यंत हसले. म्हणाले, काका, म्हातारी काय म्हणली सांगू का? मुडदा हितंच घुटमळत व्हता, म्हणली. सदर इसम माझा हाय. जबाब कुणाचाबी असू द्या, भाषा लिहिणाराचीच असती.

चहा पाजला. राजकुमार म्हणाला, पुढचे काही दिवस भेट अवघड आहे. तीन कारणं दिली.

खातं अजून या शास्त्राला तयार नाही.

९ ऑक्टोबर
पाडव्याचं पक्कं करायला रूपाला फोन. म्हणाली, मी नाही येणार, आता इथंच राहते. बास, एवढंच. कारण एकही नाही! विश्लेषण : रुसवा. मनधरणी हवी आहे. तिला तसं समजावून सांगितलं. हेच तुमचं, म्हणाली. मग आवाज गेला. नेटवर्क.

संस्कृतीला लावला. लेक आपली, खरं बोलेल. ती म्हणाली, बाबा, आईला करमतंय इथं. सोसायटीतल्या बायका ब्लाउज शिवायला टाकून जातात, दिवस कसा जातो कळत नाही तिला. मी विचारलं काय, ही सांगते काय! विषयांतर.

पाडव्याला रूपा मला याच घरात ओवाळणार. लिहून ठेवतो.

२१ ऑक्टोबर
तिच्यासाठी साडी आणली. दुकानदारानं कुणासाठी विचारलं, तर बराच वेळ त्याच्याशीच बोलत बसलो. भला माणूस.

२२ ऑक्टोबर, पाडवा
सकाळपासून दाराचा आवाज ऐकतोय. शेजारी दोनदा बेल वाजली.

ती येणार म्हणून झाडून घ्यायला दुपारी टेबल सरकवलं. खाली फरशीवर गंजाचे चार ठसे. भिंतीशी निळ्या दोऱ्याचं रीळ.

दोन महिन्यांसाठी जाताना रूपानं शिलाई मशीन नेलं होतं. टेम्पोत मीच चढवलं.