मेनस्वीचचा दांडा

१० मार्च १९८९, शुक्रवार

कापडाच्या लूमला सुट्टी. "मारामारीचा हाय" म्हनून शेजारच्या चंद्रानं व्हिडिओ आनला, आन आख्खी चाळ माझ्या खोलीत! निघालं काय? एक खून — मंग खुनी दोन तास नदीकाठी बसून इचारतो, "मैं कौन हूँ?"

मी म्हनलं, "हितल्याच टेमघरचा असशील बाबा, घरी जा!" सगळ्या लोळल्या.

मंग त्याच्या जागी दुसऱ्यालाच फासावर नेलं. मी हसायची थांबले.

"काकी, काय झालं गं?" चंद्रानं इचारलं.

"मुंगी चावली."

११ मार्च

भाकरी करपली. दोनदा.

१३ मार्च

लिवून टाकते. वाचनार कोन?

बाळाराम, माझा नवरा, लूमच्या धोट्यानं मारायचा. धोट्याला लोखंडी टोक. माझे पुढचे दोन दात त्यानंच पाडले.

तीन वर्सांमागं दुपारी लाईट गेली. लाईट गेली की मेनस्वीच पाडायचा, न्हायतर लाईट येताच लूम आपोआप सुटतात. आमच्या शेडवरच्या कोंडूनं पाडला व्हता. मी डबा घेऊन आले. बाळाराम मोटरीवर वाकून पट्टा चढवत व्हता, गळ्यात पंचा.

"आलीस? घरी चल, उरलेले बी पाडतो."

दात!

मी मेनस्वीचचा दांडा वर केला. हळूच. डबा हातातच.

लाईट आली. पंचा पट्ट्यात गेला. मंग मान. मोटर थांबंना. शेजारच्या लूमवरचं पांढरं कापड लाल झालं.

माझ्या दिरानं, केसरीनाथनं, कोंडूलाच धरलं. "स्वीच पाडला न्हायस तू!" पाइपनं त्याचा गुडघा फोडला. हाड मोडल्याचा आवाज आला. मी पदरात तोंड घालून रडत व्हते. काय झ्याक रडले!

१५ मार्च

मी कोन हाय? नदीकाठी बसायला येळ न्हाय मला. दांडा वर करनारी — तीच हाय मी.

केसरीनाथला सांगितलं तर माझं डोकं फोडंल. फोडू दे. पन आधी कोंडूला सांगायचं. नारपोलीच्या नाक्यावर लंगडत च्या विकतो तो.

१७ मार्च, शुक्रवार

सांगितलं.

कोंडूनं गाळनं खाली ठेवलं. "वयनी, तुजा हात वर जाताना मी पायला व्हता. लाईट यायला दोन मिंटं व्हती. वरडलो न्हाय मी."

"का रं?"

त्यानं वरचा ओठ उचलला. पुढचा दात न्हाय! बाळारामचाच धोटा!

"केसरीनाथकडं एकटी जाऊ नको," म्हनला.

तीन वर्सं त्याचा च्या पिते. नाक्यावर सगळ्यांना हसवते. त्यालाच कदी हसवलं न्हाय — न्हायतर कवाच दिसलं असतं.