धक्क्यावरचा नारळ

क्लायपेडा, १२ नोव्हेंबर

ती. अण्णा,

नमस्कार. महिनाभर पत्र नाही, माफ कर. मी बरी आहे.

बंदर तू म्हणालास तसंच आहे. हिवाळ्यात गोठत नाही, रेल्वे थेट धक्क्यापर्यंत येते. आपल्या मेटगळ्ळीच्या कारखान्याची शाखा इथे चालेल.

शाखेसाठी आपण दोघांच्या नावाने घ्यायची ठरवलेली जागा बघायला गेले. बंदराच्या कार्यालयातली बाई हसून म्हणाली, "ती तर तुमच्या भावाने स्वतःच्या आणि मुलाच्या नावावर घेतली! तुम्ही नारळ फोडायला येणार, असं त्यांनी कळवलंय."

मी दोनदा विचारलं. अजून वाटतं, माझंच ऐकण्यात चुकलं असेल. चुकलं का रे?

वहिनीचा गुडघा कसा आहे? अम्माला यातलं सांगू नकोस. तिने देवापुढे ठेवून माझ्याबरोबर दिलेला नारळ घरी परत आणता येत नाही, आणि तुझ्या जागेवर माझ्याने फोडवणार नाही.

तुझी बहीण,
नमिता

उद्याचं काम: नारळ समुद्राला देणे.