रुंद दाराचा मानपान

वर्तकनगर, ठाणे
बुधवार, संध्याकाळ

ती. रतनआत्या,
संचिताचा वाकून नमस्कार.

मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांकडे संडास मागितला तर तो हुंडा होतो का? आत्या, देण्याघेण्याची बैठक झाल्यापासून मी हा प्रश्न स्वतःला विचारते आहे आणि मला खरंच उत्तर येत नाही. कॉलेजात हुंडाविरोधी शपथ घेताना मी पहिल्या रांगेत होते, शपथ मीच सगळ्यांना वाचून दाखवलेली (आवाज मोठा म्हणून, विचार मोठे म्हणून नव्हे, असं सुदेश म्हणतो). त्या शपथेत रोख, सोनं, गाडी, भांडीकुंडी सगळं होतं. संडासाचा उल्लेख नव्हता. सभ्य शब्द स्वच्छतागृह आहे हे मला ठाऊक आहे, पण घाईत असलेल्या माणसाला तो फार लांब पडतो.

तू कशी आहेस? खांदा अजून दुखतो का? व्हीलचेअरचं डावं चाक कुरकुरतं म्हणालेलीस, तर पप्पा तेलाची बुधली पिशवीत घालून बसलेत, पुढच्या वेळी येतील तेव्हा करून देतील. इकडे सगळे मजेत. आईचं बीपी लग्नघरात जेवढं असायला हवं तेवढं आहे. सुदेश केस कापून आला आणि आता टोपी घालून हिंडतो आहे, यावरून काय ते समज.

पत्र पाहून तू हसशील, पण फोनवर मी काय करू? लग्नाच्या हॉलचं नाव काढलं की तू 'कुकरची शिट्टी झाली गं' म्हणून फोन ठेवतेस. इतक्या शिट्ट्यांत डाळच काय, धोंडाही शिजला असता. पत्र हातात घेतल्यावर शिट्टीचं निमित्त चालत नाही, म्हणून हा खटाटोप. तू शहाडला राहतेस, हॉल तुझ्या घरापासून रिक्षाने अगदी जवळ, ज्याच्या बारशाला बायकांचे बुक्के पाठीत खाऊन तू त्याच्या कानात 'सुदेश' म्हणालीस त्याचं पुढच्या आठवड्यात शुक्रवारी तिथे लग्न, आणि तू म्हणतेस की मी व्हिडिओ कॉलवरून अक्षता टाकीन! अगं, त्या अक्षता तुझ्याच मोबाईलवर पडतील.

त्याच हॉलमध्ये साखरपुड्याला तू आलीस आणि न जेवता परत गेलीस. सगळ्यांना सांगितलंस, ऊन लागलं. दिवेलागण झाल्यावर ऊन लागलेली आपल्या घराण्यातली तू पहिलीच. पण लग्नाच्या गडबडीत माणसं काहीही मानतात, आम्हीही मानलं. नंतर मी तुझ्यासाठी डबा भरून निघाले, तर तू बसलेलीस त्या कोपऱ्यात मीच सकाळी दिलेली पाण्याची बाटली दिसली. झाकणसुद्धा फिरवलेलं नव्हतं. मग मी हॉलच्या मागच्या बाजूला गेले. तिथे रुंद दाराची, बाहेर व्हीलचेअरचं चित्र असलेली खोली आहे. दार ढकललं, तर आत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत, मंडपाचं कापड, आणि कमोडवर एक थर्मोकोलचा हंस बसलेला. दोन्ही बाजूंना धरायला स्टीलचे दांडे होते. हंसाला त्यांची काही गरज दिसत नव्हती.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तू लग्नकार्याला का टाळाटाळ करतेस, आणि आलीस तरी 'तहानच नाही गं' का म्हणतेस. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. गल्लीतले सगळे लोक विजेच्या बिलापासून कोर्टाच्या नोटिशीपर्यंत सगळं माझ्याकडून समजावून घेतात, आणि मला माझ्या आत्याची तहान समजली नव्हती.

म्हणून बैठकीत मी बोलले. तू नव्हतीस, तर ऐक. आपल्या होणाऱ्या सुनेचे, दिशाचे वडील काळुरामशेट हे शहाडचे पिढीजात जमीनवाले, मनाने राजा माणूस, आणि देण्याच्या बाबतीत अगदी हट्टी. आम्ही 'काही नको' म्हणत होतो आणि ते एकेक वाढवत होते. फ्रिज नको? मग बुलेट घ्या. (बुलेटचं नाव निघाल्यावर पप्पांच्या घशातून एक आवाज आला, पण मी त्यांना आधीच बजावून ठेवलेलं, त्यामुळे त्यांनी तो खोकला करून टाकला.) शेवटी शेट रागावले. "नको नको काय बोलता? आमचेन काय कमी दिसला का तुमाला?" तेव्हा मी म्हटलं, आम्हाला फक्त एक गोष्ट हवी आहे. आईने माझा पदर ओढला. मी ड्रेस घातलेला, म्हणजे ओढणी ओढली. शेट खूश होऊन पुढे सरकले, "बोल ना पोरी, लाजू नको." मी म्हटलं, संडास.

मग शेट अगदी हळू आवाजात, आपली अब्रू राखावी तशा सुरात म्हणाले, "म्हंजे ठाण्याला तुमचे घरान बांधून द्यायचा?"

आई ते अजून विसरलेली नाही. मी घाईघाईने खुलासा केला की घरी आहे, चांगला टाइल्सचा आहे, मला हॉलमधल्या त्या रुंद दाराच्या खोलीबद्दल म्हणायचं आहे, ती मोकळी करून उघडी ठेवा. शेटनी छातीवर हात ठेवला. हॉल त्यांच्या साडूंचा, दौलतशेटचा, त्यामुळे शब्द पडायची खोटी. "तुमाला शोभंल असा करतो," म्हणाले. आत्या, त्या 'शोभंल'मध्येच सगळा घोळ होता, पण मला वाटलं, झालं काम.

गेल्या रविवारी शेटच्या पुतण्याचं लग्न त्याच हॉलमध्ये होतं. आम्हाला सहकुटुंब आमंत्रण, आणि 'तुमचा काम करून ठेवलाय' असा निरोप. गेलो तर त्या दाराला झेंडूचं तोरण, आडवी लाल फीत, बाजूला हंस (आता स्वतःच्या पायांवर उभा), आणि वर सोनेरी पाटी: 'वरपक्ष विशेष कक्ष'. दौलतशेटनी पप्पांच्या हातात कात्री दिली. पप्पांनी वागळे इस्टेटमध्ये लेथवर उभं राहून जन्म काढला, कधी कोणी त्यांना कशाच्या उद्घाटनाला बोलावलं नव्हतं. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "भाषण करायचं असतं का गं?" मी नको म्हटलं, पण चेहऱ्यावरून वाटलं, दोन शब्द त्यांच्याजवळ तयार होते.

आत गालिचा. आरशाभोवती दिव्यांची माळ. मोगऱ्याचा एवढा फवारा मारलेला की डोळ्यांत पाणी यावं. आणि जिथे व्हीलचेअर वळायची, नेमक्या त्या जागेवर मखमली सोफा! संडासात सोफ्यावर कोणी कोणाची वाट पाहायची, हे विचारायचा मला धीर झाला नाही. बाहेरून मोठं कुलूप लावलं आणि चावी हळदकुंकू लावून, चांदीच्या ताटातून वरमाईला, म्हणजे आपल्या आईला, दिली. आईने ती कमरेला खोचली आणि त्या क्षणी तिची उंची वाढली, मी पाहिलं.

मग काय विचारतेस! मान मिळाल्यावर तो घ्यायला नको? आपल्याकडचे सगळे रांगेत. राजरत्नदादा आत गेला तो दिव्यांच्या उजेडात रील काढूनच बाहेर आला. कोणी साड्या बदलल्या, कोणी सोफ्यावर टेकून फोन केले. मावशीला तर गरजही नव्हती, पण मुलीकडच्यांनी एवढं हौसेने केलंय, न गेलं तर त्यांना वाईट वाटेल म्हणून ती दोनदा जाऊन आली. आणि आई कमरेवर हात ठेवून सगळ्यांना 'थांबा, बघते' म्हणत होती. दुसऱ्या बाजूला साध्या संडासांच्या चार खोल्या रिकाम्या. त्यांच्यात मान नव्हता ना!

शेवटी मी दाराला पाठ लावून उभी राहिले आणि येईल त्याला समजावू लागले, की ज्याचं साध्या खोलीत भागतं त्याने तिथे जावं, ही खोली ज्याला दुसरीकडे जाताच येत नाही त्याच्यासाठी आहे, तुमची पाच मिनिटं म्हणजे त्याचा अख्खा समारंभ. (हे वाक्य मला फार आवडलं, म्हणून मी ते पुन्हा पुन्हा वापरलं.) लोक वैतागून परत जाऊ लागले. मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात दौलतशेटचा मुलगा नयन आला. उंचापुरा, जिममध्ये घडवलेले दंड, गळ्यात गोफ. त्याने आईकडे चावी मागितली. मी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि सगळं भाषण पहिल्यापासून सुरू केलं. त्याने मान खाली घालून ऐकलं. कपाळावर घाम आलेला. मग म्हणाला, "ताई, सगला पटला मना. पन आता जरा सोर."

मी सोडलं नसतं. दिशा लांबून धावत आली, माझा दंड धरून मला बाजूला केलं आणि आईच्या कमरेची चावी स्वतः ओढून घेतली (सून म्हणून तिचं भवितव्य उज्ज्वल आहे). म्हणाली, "ताई, विचारू नकोस गं. त्याला लागते ती खोली."

का लागते ते मी तुला लिहीत नाही, ते त्याचं आहे. बाहेरून दिसत नाही असा त्रास आहे, आणि हे एवढंसुद्धा त्याला विचारून लिहिते आहे. नंतर मी माफी मागायला गेले, तर तो हातात जिलेबीची बशी घेऊन उभा होता. म्हटलं, मी तुझा तमाशा केला. म्हणाला, "तू तरी दार अरवून उभी होतीस. बाकीचे आत जाऊन बसतान." मी त्याला तुझी गोष्ट सांगितली, न उघडलेल्या बाटलीची. तो हसला नाही. म्हणाला, "मी पन लग्नान पानी पीत नाय."

आत्या, हॉल त्याच्या बापाचा! आणि त्याच्या तोंडून 'तो हंस उचला' एवढं निघालं नव्हतं, कारण मग का ते सांगावं लागलं असतं. मला आजवर वाटायचं की आपलं काम म्हणजे चूक माणसाला अडवणं. आता वाटतं, आपण गरज नसताना आत जायचं नाही, आणि जो गेला त्याला कारण विचारायचं नाही. एवढंच आहे. भाषण करण्याइतकंही नाही त्यात काही, याचं मला थोडं वाईट वाटलं.

सोमवारी नयनने मुलं लावून सोफा काढला, गालिचा काढला, पाटी उतरवली. काळुरामशेटना ते लागलं. विचारू लागले, मग आम्ही करायचं काय? म्हटलं, काही नाही, मोकळं ठेवायचं. "मोकला ठेवायला काय करायचा लागतंय?" त्या माणसाने आयुष्यभर सगळ्यांसाठी काही ना काही केलं आहे, कोणासाठी काहीच न करणं हे त्यांना जमेना. तेव्हा नयन पुढे झाला आणि पहिल्यांदाच म्हणाला, "काका, मना लागते ती खोली." बस, एवढंच. शेट त्याच्याकडे पाहत राहिले. मग उठून स्वतः ते तोरण काढलं, आणि चौकटीवरून फुलांच्या पाकळ्यासुद्धा झटकल्या.

तर आता ती खोली अगदी रुक्ष, रिकामी, फिनेलचा वास येणारी अशी आहे. मी इतकी सुंदर खोली पाहिलेली नाही. मावशीला वरपक्षाचा मान गेल्यासारखं वाटतंय, पण जेवणात बासुंदी आहे, ती सावरेल.

तू यायचं की नाही, ते तू ठरव. गर्दी नको वाटत असेल, सुदेशचा हेअरकट बघवणार नसेल, मावशीशी तुझं जुनं काही असेल, तर ये म्हणणार नाही. फक्त कारण पाण्याचं नसावं.

पप्पांचा तुला आशीर्वाद, आईचा नमस्कार, सुदेशने टोपीसकट वाकून केलेला नमस्कार.

तुझी
संचिता

ता. क. बाहेरचं कुलूप अडकवायचा कडी-कोयंडा काल पप्पांनी जाऊन काढून टाकला आणि आतली कडी खुर्चीत बसून हात पोचेल इतकी खाली बसवली. आईला सांगितलेलं नाही. दिशाकडून परत घेतलेली चावी ती अजून कमरेला खोचून हिंडते आहे, आणि खूप छान दिसते. तूही सांगू नकोस.

ता. क. दुसरं. वरचं सगळं खरं आहे, पण पत्राचं मुख्य कारण माझं ब्लाउज. करवलीचं. माप तू घेतलंस, कापड तुझ्या मशीनवर पडलंय, आणि तू निरोप पाठवलास की शिवून कुरिअरने पाठवते, मी येत नाही. कुरिअरने नको. पाठीच्या नाड्या तुझ्याशिवाय कोणाला नीट बांधता येत नाहीत. आईने धास्तीने स्टेशनजवळून एक रेडिमेड आणून ठेवलेलं. ते आज दुपारी मी दुकानात परत करून आले.