मास्तरांची खुर्ची

४ जानेवारी
एकदाची नोकरी लागली, आणि तीही घरापासून चालत जाण्याजोगी. दोन मजली खासगी रुग्णालय, पुढे आपोआप उघडणारं फाटक, आत फिनेलचा वास. सगळे कॉम्प्युटर सांभाळायचे, आणि तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीतला सर्व्हर. रिपोर्ट, औषधांचा साठा, दारांची कुलुपं, फाटक, सगळं त्याच्याच पोटात. जुनं धूड आहे. बनवणाऱ्या कंपनीने कधीच हात वर केलेत. नवरोबा म्हणाला, भंगाराशी तुझं छान जमतं, म्हणून तर माझ्याशी लग्न केलंस.

८ जानेवारी
माझ्याआधी हे काम मास्तर बघायचे, सगळे त्यांना तसंच म्हणत. याच खोलीत, खुर्चीत बसल्याबसल्या गेले. प्रिंटर चालला तर मास्तरांची पुण्याई, अडला तर ‘मास्तर असते तर’. राबायचं मी, नाव मास्तरांचं.

त्यांची बायको इथेच, फायलींच्या विभागात. सगळे काकू म्हणतात. रोज दुपारी डबा घेऊन त्या सर्व्हरजवळ येतात आणि त्याच खुर्चीत बसतात. त्या आल्या की सर्व्हरमधल्या पंख्याची घरघर बसते, चिडलेल्या मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी. माझ्यावर मात्र तो नुसता खेकसतो. एका खोक्यापायी कोणाचा हेवा करू नये हे कळतं. पण ती खुर्ची डोळ्यात खुपते.

१५ जानेवारी
नवा सर्व्हर एवढ्यात नाही, असं मुख्य डॉक्टरांनी सांगितलं. पण याच बोर्डावर जास्त ताकदीचा प्रोसेसर बसतो हे मी शोधून काढलं, आणि जुन्या सामानाच्या दुकानात तो मिळालाही. मास्तरांना इतक्या वर्षांत जमलं नाही ते मी करून दाखवणार.

काकूंना मुद्दाम मीच सांगितलं. त्यांना लागावं अशी इच्छा होती, खोटं कशाला बोलू. त्यांनी एवढंच विचारलं, “हात तू स्वतः लावणार ना? दुसरं कोणी नाही?”
मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला मी हात लावूच देणार नाही. त्यांनी न जेवताच डबा बंद केला.

१८ जानेवारी, रविवार
झालं काम. प्रोसेसर थंड ठेवणारा वरचा धातूचा ठोकळा काढला तर खालची पेस्ट वाळून खपली झालेली. ती पुसली, खिटी उचलली, जुना प्रोसेसर काढला. सर्व्हर सकाळपासून बंद होता, तरी तो तुकडा अंगात ताप असल्यासारखा गरम. नवा बसवला, ताजी पेस्ट लावली. आधी बोर्ड त्याला ओळखेचना. मग जुना प्रोसेसर परत लावून बोर्डाचा मूळ प्रोग्राम अद्ययावत केला, पुन्हा नवा जोडला, आणि सर्व्हर सुरू झाला. इतका हळुवार आवाज याआधी कधी ऐकला नव्हता. मी त्या खुर्चीत बसले. फार बरं वाटलं.

२१ जानेवारी
रिपोर्ट क्षणात निघतात. पहिल्यांदाच मास्तरांऐवजी माझं नाव ऐकू आलं. मी आत गेले की पंखा शांत होतो. काकू फिरकल्याही नाहीत. जिंकले म्हणायचं.

२६ जानेवारी
काकू जुनी फाइल शोधायला खोलीत आल्या. माझं डोकंच फिरलं. त्या गेल्यावर दाराचा कोड बदलला. सवत असल्यासारखी वागले मी. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

नवऱ्याचा फोन आला की पंखा गरगरायला लागतो. आज बोलता बोलता फोनच बंद पडला.

३० जानेवारी
दोन दिवस रजा मागितली, नवऱ्याबरोबर बाहेरगावी जायला. अर्ज टाइप करून पाठवला, तो पोचलाच नाही. पुन्हा पाठवला. पडद्यावर माझ्या अर्जातला ‘नवरा’ हा शब्द तेवढा पुसलेला.

काकूंना जिन्याखाली गाठलं. त्यांनी मला कोपऱ्यात ओढलं. म्हणाल्या, मास्तर फार जळके होते. काकूंनी कोणाशी बोललेलं त्यांना खपायचं नाही. ते गेल्यावर त्या एकदा भावाकडे राहायला गेल्या होत्या. त्याच आठवड्यात भाऊ इथे भरती झाला, आणि रिपोर्ट चुकला. भाऊ परत आला नाही.

“मी तिथे हौसेने बसत नव्हते गं,” त्या म्हणाल्या. “तू हात लावलास आणि माझी सुटका झाली.”
त्या रडत होत्या. पण पावलं किती हलकी पडत होती त्यांची.

२ फेब्रुवारी
राजीनामा दिला. नवरा न्यायला आला होता. फाटक उघडलं, तो गाडीवरून आत शिरला, आणि मध्येच— लोखंडी फाटक थेट अंगावर. मांडीचं हाड मोडलंय. रक्त फार गेलं. याच रुग्णालयात. दुसरीकडे हलवायची सोय नाही म्हणतात—

३ फेब्रुवारी, सकाळ
रिपोर्टवर रक्तगट बी. त्याचा ओ आहे. ओच आहे, मला माहीत नाही का. लॅबवाल्या बाईंनी परत तपासलं. नळीत ओ, छापून आला बी. त्या म्हणाल्या, हाताने लिहून देते. पण रक्ताच्या पिशव्यांवरची लेबलं— तीही सर्व्हरच छापतो.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही झोपलेल्या नाहीत, जरा बसा.

३ फेब्रुवारी
सर्व्हरच्या खोलीत शिरून त्याची वायर उपटली. पंखा फिरतोय. वायर माझ्या हातात आहे आणि पंखा—

दार उघडत नाही. कोड मीच बदलला होता. तो चालत नाही. फोन मेलेला. दाराची काच ठोकून ठोकून हात—

खुर्चीत बसले. म्हटलं, बसते. रोज बसते. घरी जात नाही. नवऱ्याशी बोलत नाही. तेवढं लेबल ओचं छाप—

घरघर थांबली. थांबली. ऐकलं वाटतं.

काचेतून समोरचा जिना दिसतो. नर्स रक्ताची पिशवी घेऊन वर निघालीय. लेबल पलीकडच्या बाजूला आहे. तिने जरा वळावं. वळली. त्यावर लिहिलंय