माझ्यामागे खटला चालावा

मी, खाली सही करणारी, लष्करातून बडतर्फ केलेली पॅराशूट-कारागीर, वय चोपन्न, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहिते. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. माझ्यावर दबाव आहे, पण तो हे न लिहिण्याचा.

बाईने बाईशी किंवा पुरुषाने पुरुषाशी संसार केला तर सैन्यात जागा नाही, या नियमाविरुद्ध आम्ही दोघांनी खटला भरला: मी आणि असाच काढलेला एक ट्रकचालक. सुनावणी सोमवारी आहे. गेल्या आठवड्यात उतारावर चालकाच्या गाडीचे ब्रेक लागले नाहीत. दुसऱ्याच्या गाडीत बसतानाही आधी वाकून चाकं बघणारा माणूस तो. गेला.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक जिच्याशी मी संसार केला त्या लष्करी रुग्णालयातील परिचारिकेस मिळावी. बडतर्फीआधीच्या चौकशीत "दुसरी कोण?" असे पुन्हापुन्हा विचारले गेले. मी तोंड उघडले नाही, म्हणून तिची नोकरी टिकली.

२. शिलाई यंत्र, कात्र्या व सुया चालकाच्या जोडीदारास द्याव्यात. तो ताडपत्र्या शिवतो. चालकाच्या घरच्यांनी त्याला शेवटचे तोंडही पाहू दिले नाही. मी घडी घातलेल्या पॅराशूटने कधी कुणाला दगा दिला नाही. वरिष्ठांचा माझ्या हातांवर भरवसा होता, घरावर नव्हता.

३. भावास काही नाही. परवा तो आला, चहाला शिवला नाही. म्हणाला, "ताई, खटला मागे घे. त्या ड्रायव्हरचं झालं तसं तुझं नको व्हायला."

"तो तर अपघात होता ना?" मी विचारले.

तो उठला. जाताना फाटकाबाहेरच्या करड्या गाडीत बसून गेला. ती गाडी रोज तिथे उभी असते.

४. माझा देह भावाच्या ताब्यात देऊ नये, परिचारिकेच्या द्यावा. मी जिन्यावरून पडले किंवा गॅस उघडा राहिला असे कुणी सांगितले, तर शवविच्छेदनाशिवाय मानू नये.

५. खटला पुढे कोणी चालवावा, हे मी कोरे सोडले होते. परिचारिकेने वाचले आणि माझ्या हातातले पेन घेतले. "तेव्हा तू माझ्यासाठी गप्प बसलीस," ती म्हणाली. "आता मला बोलू दे." पुढची ओळ तिच्या अक्षरात आहे:

वादी म्हणून मी उभी राहीन.

ठिकाण: राहते घर. सुनावणीआधीचा शनिवार.
(सही) पॅराशूट-कारागीर

साक्षीदार:
(सही) डॉक्टर
(सही) शेजारचे शिंपी. यांनी आधी खिडकीतून गाडी पाहिली, मग सही केली.

या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मान्य. सोमवारी मी गणवेशात येईन.
(सही) मुख्य परिचारिका, लष्करी रुग्णालय, अद्याप सेवेत