पाहुण्यांच्या जागेतली स्कूटर

वारजे, पुणे

सौ. हेमावन्सं यांना कुमुदचा साष्टांग (नको, कंबर धरली आहे, साधाच) नमस्कार.

त्या दिवशी सकाळी पाणी भरलं, चहा टाकला, देवांना फुलं वाहिली आणि फडकं ओलं करून खाली तुमच्या भावाची स्कूटर पुसली. म्हणजे रोजच्यासारखीच सकाळ. कसबा पेठेतली ती शेवटची, हे पुसून झाल्यावर ध्यानात आलं. (तुमचे गुडघे कसे आहेत? श्रीधररावांचा खोकला थांबला का? विचारायचं राहूनच जात होतं.)

सामान हलवायला केदारने मोठी कंपनी ठरवली होती. "आई, तू नुसती बसून राहा, ते चमचेसुद्धा गुंडाळून नेतात." कंपनीचे साहेब घर बघायला आले, लोणच्याच्या बरण्यांचं कौतुक केलं, आणि खाली स्कूटर दिसल्यावर म्हणाले, "काकू, असलं भंगार आम्ही नेत नाही." मी म्हटलं, मग आम्ही तुम्हाला बोलावत नाही. केदार दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलला. त्याचंही चुकत नाही. हे गेल्यापासून ती एकदाही सुरू झालेली नाही. पण ती पुसल्याशिवाय माझाही दिवस सुरू होत नाही, हे त्याला कसं सांगू?

शेवटी चौकातल्या अल्लाबक्षभाईंचा टेम्पो घेतला. मी म्हटलं, आधी स्कूटर चढवा. ते म्हणाले, "वहिनी, तुमच्यात नव्या घरी आधी देव नेतात ना?" "देव माझ्या मांडीवर बसतील. स्कूटर बसेल का?" मग चढवली. तिने अर्धा टेम्पो अडवला, पलंग मागे राहिला आणि एका खेपेच्या तीन झाल्या.

खोक्यांवर मी स्वतःच्या हाताने पाट्या लिहिल्या होत्या. आपल्या पेठेचं वळण तुम्हाला ठाऊकच आहे. 'हा खोका उलटा ठेवू नये. ठेवल्यास सुलटा करण्यास कोणी येणार नाही.' 'दाबून पाहू नये. आत आंबे नाहीत.' अशा सगळ्या खोक्यांवर. आत काय आहे, तेवढंच लिहायचं राहिलं. चहाचं गाळणं सापडेना, तेव्हा केदारच्या धुतलेल्या रुमालातून चहा गाळला. गाळणं अखेर 'हात लावू नये' या खोक्यात निघालं. मी आज्ञाधारक, लावलाच नव्हता.

बाकी इथे सगळं उत्तम आहे. हवा चांगली, शेजार शांत. घर अजून लागलेलं नाही, तेव्हा तुम्ही इतक्यात येण्याची दगदग करू नका.

तुमची,
कुमुद

ता. क. : उत्तम म्हणजे, सोसायटीचे चेअरमन येऊन गेले. आमच्या वाट्याच्या जागेत केदारची गाडी असते, म्हणून स्कूटर पाहुण्यांच्या जागेत लावली होती. म्हणाले, "आजी, ही बंद स्कूटर हलवा, नाहीतर भंगारवाल्याला बोलावतो." मी विचारलं, पाहुण्यांच्या गाडीला काय नियम? तिला काही नियम नाही म्हणे. मग मी सांगितलं, ही माझ्या नणंदेची. कालच लोणी काळभोरहून आल्यात, सोलापूर रस्त्याने, ट्रकांना मागे टाकत. चेअरमन गार झाले. तुम्हाला भेटायचं म्हणतात.

ता. क. दुसरा : तेव्हा वरचं दगदगीचं वाक्य खोडलं असं समजा आणि लगेच निघा. रिक्षा फाटकाच्या अलीकडेच सोडा. हातात हेल्मेट असू द्या, आणि चेअरमन दिसले तर लंगडू नका. राहायलाच या, भरपूर दिवस. संध्याकाळी इथे फार शांत असतं.

ता. क. शेवटचा : चेअरमन येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरलं, चहा टाकला, फडकं ओलं केलं आणि खाली जाऊन तुमची स्कूटर पुसली.